तांबड्या पावसातली तीज

पाऊस लाल पडतो, असं कुणी शिलाला सांगितलं असतं तर तिनं त्याला सरळ वेड्यात काढलं असतं. पण त्या दिवशी साखऱ्याच्या फाट्यावर तो तिच्या डोळ्यांदेखत पडला. आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलं होतं. श्रावण निम्मा सरला तरी ऊन कसं ते दिसलं नव्हतं. गोरेगावचा कॉम्प्युटर क्लास आटपून ती चाँद पाशाच्या जीपमधून उतरली, आणि आला की बदाबदा! ती पळत पत्र्याच्या शेडखाली शिरली, ओढणी झटकली, तर पांढऱ्या ओढणीवर विटकरी ठिपकेच ठिपके.

शेडमध्ये आधीच एक जण उभा होता. अंगातला शर्ट लाल ओघळांनी पार वाया गेलेला, आणि हा बाबा जेवणाच्या डब्याचं झाकण पावसात धरून शांत उभा!

"डबा धुऊन राहिलात का?" शिलाला राहवलं नाही.

"न्हाई. पाऊस धरून राहिलो."

"प्यायला?"

"बघायला." त्यानं वळून पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमच्या गालावर पण आहे. पुसू नका हं, नमुना जाईल."

शिलानं मुद्दाम ओढणीनं गाल खसखसून पुसला. तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, हे तिनं तेव्हाच टिपून ठेवलं. नको ते नेमकं लक्षात राहतं माणसाच्या!

तो विजयकुमार सर, गोरेगावच्या शाळेत नुकताच लागलेला विज्ञानाचा मास्तर. शिलाही काही अडाणी नव्हती. हिंगोलीला बी.एस्सी. करून वर्षभर तांड्यावर घरी बसलेली, तांड्याचा कारभार बघणाऱ्या थावरा नायकाची एकुलती एक लेक.

"मोबाईलात दाखवून राहिले," ती म्हणाली, "असा पाऊस वरून येतो म्हणे. पार वरून. दुसऱ्या ग्रहावरचे जीव असतात त्यात."

"बी.एस्सी. होऊन मोबाईलवर विश्वास?"

"मग काय मास्तरवर ठेवू? ओळख ना पाळख!"

"उद्या शाळेत या. सूक्ष्मदर्शक आहे. दाखवतो तुमचे पाहुणे."

जाऊ नये असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर पाय आपोआप शाळेकडं वळले, त्याला ती तरी काय करणार?

प्रयोगशाळा म्हणजे एक ओल आलेली खोली. दिवसाही दिवा लावावा असा अंधार. तिनं डोळा भिंगाला लावला आणि श्वासच विसरली. लाल, गोल, जाड कडेचे कण... एकमेकांना टेकून बसलेले.

"जिवंत आहेत?"

"आहेत."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"जिवंत आहेत म्हणून वरचे कसे? झाडाच्या सालीवर शेवाळ असतं, त्याचे बीजाणू आहेत हे. लई दिवस झड लागली की शेवाळ माजतं, बीजाणू हवेत जातात, पावसाबरोबर खाली येतात. सगळं इथलंच."

"आणि वरून आलं न्हाई हे कशावरून?"

"आलं हे कशावरून?"

"तुमी वकील व्हायचं सोडून मास्तर काहून झालात, सर?"

भिंग नीट करायला त्यानं हात पुढं केला, तिचा हात आधीच तिथं होता. दोघांनीही काढला नाही. बाहेर शाळेच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि शिलाला एकाएकी रडू येईल असं वाटलं, सुखाचं की कशाचं ते तिलाही कळेना.

मग चार दिवस रोजच भांडण. कधी शाळेच्या पायरीवर, कधी फाट्यावरच्या शेडखाली. ती म्हणायची, लांबून कुणीतरी येऊ शकतं. तो म्हणायचा, आधी जवळचं नीट बघावं. "जवळचं म्हणजे?" ती विचारायची, आणि मास्तरचे कान लाल व्हायचे... पावसाहून लाल!

एक गोष्ट मात्र तिनं विचारली नाही. बंजारा माणूस बंजारा माणसाला भेटला की पहिला सवाल असतो, गोत कोणतं? कारण एका गोताची पोरं-पोरी बहीण-भाऊ. मग ती शंभर कोसांवरच्या तांड्यातली का असेनात, कधी तोंड पाहिलेलं का नसेना. सर आपल्यातलेच, जिंतूरकडच्या तांड्यावरचे, एवढं तिला बोलण्यावरून कळलं होतं. पुढचं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. त्यानंही विचारलं नाही. दोन शिकलेली माणसं, आणि लेकरासारखी डोळे मिटून बसली.

इकडं तांड्यावर वेगळाच घोर लागला होता. तीज बसली होती. नायकाच्या दारापुढं माचावर पोरींच्या टोपल्या मांडलेल्या, त्यात काळी माती, खत आणि गहू. बिनलग्नाच्या पोरींनी नऊ दिवस विहिरीचं पाणी आणून गाणी म्हणत तो गहू वाढवायचा. शेवटच्या दिवशी हिरवे कोंब भावांच्या हाती द्यायचे आणि उरलेली तीज ओढ्यात सोडायची. त्या टोपल्यांवरच लाल पाऊस पडला होता.

"आभाळातून रगत पडलं," म्हातारी भिकाबाई छाती पिटून सांगत होती. "त्यात जीव हायेत वरचे, चाँद पाशानं मोबाईलात दाखवलं. फेका त्या टोपल्या! पोरींचं वाटोळं होईल."

बसलेली तीज फेकायची? असं कधी झालं नव्हतं. पोरी हमसून रडायला लागल्या. थावरा नायक कपाळाला हात लावून बसलेला. तेव्हा शिलाच म्हणाली, "बापू, गोरेगावच्या सरांना बोलवू. त्यांनी तपासलंय ते पाणी."

तिनंच बोलावलं. ही चूक तिचीच.

विजयकुमार आला, माचापुढं उभा राहिला, आणि कुणाला न हिणवता समजावून सांगितलं. शेवटी त्यानं टोपलीतल्या लाल झालेल्या मातीत बोट बुडवलं आणि बोट जिभेला लावलं. बायका ओरडल्याच! "मातीचीच चव आहे, काकी," तो भिकाबाईला म्हणाला. "आपल्याच मातीची." भिकाबाईसुद्धा हसली.

थावरा नायक खुशीत उठला. "शाबास! कोणत्या गोताचा रे तू, पोरा?"

शिलाच्या हातातली कळशी जड झाली. विजयकुमारनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"राठोड," तो म्हणाला.

"अरे, मग आपलाच की!" नायकानं त्याला मिठीच मारली. "आमीबी राठोड. भाऊ लागतोस तू या सगळ्या पोरींचा. शेवटच्या दिवशी यायचं. बहिणींच्या हातची तीज घ्यायची, काय?"

डफ वाजायला लागला, पोरी गायला लागल्या. शिला कळशी घेऊन विहिरीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर गेली तेव्हा तो शेडखाली वाट बघत होता. झिमझिम चालू होती, साधीच, बिनरंगाची.

"काहून सांगितलं न्हाई?" तिचा आवाज चिरकला.

"तू काहून विचारलं न्हाई?"

एक एसटी चिखल उडवत निघून गेली.

"तुमी दुसऱ्या ग्रहावरचे असते तर लई बरं झालं असतं, सर," ती म्हणाली. "तिथं तरी राठोड नसतील."

"राठोड कुठं न्हाईत, शिला?" तो हसला, पण ते हसू अर्ध्यातच विझलं. मग सावकाश म्हणाला, "गेल्या साली तुमच्या तांड्यावरची एका गोतातली दोघं पळाली होती. त्यांना तांड्याबाहेर कुणी काढलं?"

"बापूनं." ती खाली बघत होती. "त्या पोरीची आई अजून आमच्या दारावरून जाताना मान वर करत न्हाई. आता बापूची लेकच तसं करून बसली तर... बापू मरून जाईल, सर. त्याचं नायकपण जाईल ते सोडा, त्याला त्या पोरीच्या आईपुढं उभं राहता यायचं न्हाई."

"म्हणून सांगतो. मी येईन. दोन्ही हात पुढं करीन. तू तीज ठेव." तो थांबला. "बहीण म्हणून का होईना, भेटता येईल मला तुला. भाऊबीजेला, लग्नात. न आलो तर... तेवढंही न्हाई."

"आणि तुमाला जमेल? मला ताई म्हणायला?"

त्यानं पागोळीखाली तळहात धरला. "शिकेन," म्हणाला.

शिलाला त्याचा असा राग आला! आणि त्याच रागात त्याच्या ओल्या बाहीला कपाळ टेकवावंसं वाटलं. तिनं टेकवलं नाही. फाट्यावर माणसं होती.

शेवटच्या दिवशीही ऊन पडलं नाही. आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं, पण सगळा तांडा नटून जमला होता. गहू वीतभर वाढला होता, आणि सगळ्यांत दाट टोपली शिलाची. रूपाबाई, तिची आई, शेजारणींना कौतुकानं दाखवत होती, "बघा माझ्या लेकीची तीज! बोट शिरायचं न्हाई."

भाऊ रांगेनं बसले. चुलत, मावस, तांड्यावरचे, आणि शेवटी विजयकुमार, पांढरा शर्ट, डोक्यावर नायकानं स्वतः बांधलेलं पागोटं. आलास ना शेवटी, शिला मनात म्हणाली. यायचंच होतं तुला.

एकेक पोरगी कोंब उपटून भावांच्या हातावर ठेवत गेली. शिला निघाली. पहिल्या भावाला दिलं, दुसऱ्याला दिलं, चुलतभाऊ देविदासनं चिडवलं, त्यालाही दिलं. बापू माचाजवळ उभा राहून बघत होता. विजयकुमारपुढं आली तेव्हा त्यानं सांगितल्याप्रमाणं दोन्ही हात पुढं केले. खाली बघत तो हळूच म्हणाला, "दे... ताई."

शिकला होता तो!

तिचा हात टोपलीत गेला. कोंब बोटांत आले. ओले, गार. एवढं ठेवलं की झालं. जन्मभर तो दिवाळीला येईल, ओवाळून घेईल, तिच्या लेकरांचा मामा होईल. आणि ती जन्मभर हसून पाट मांडेल.

तिनं बोटं सोडली. कोंब टोपलीतच राहिले.

"तुमच्या वाटचं उगवलं न्हाई, सर," ती म्हणाली.

तिनं हे हळू म्हटलं नव्हतं. डफ थांबला.

"अगं पोरी," भिकाबाई बोललीच, "भरलेली हाय की टोपली!"

"व्हय काकी," शिला म्हणाली. "भरलेली हाय."

विजयकुमारचे हात तसेच पुढं राहिले, रिकामे. मग त्यानं ते जोडले, आधी नायकाला आणि मग तिला. वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. तो उठला, पागोटं उतरवून माचावर नीट ठेवलं, आणि चिखलातून फाट्याकडं चालायला लागला. तो पुन्हा या तांड्यावर येणार नाही, हे शिलाला माहीत होतं. भाऊ म्हणूनही नाही.

थावरा नायकाला सगळं कळलं होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचे न्याय केलेला माणूस तो, त्याला काय सांगावं लागतं? तो लेकीकडं बघत राहिला. तिनंही मान खाली घातली नाही. मी पळाले न्हाई, बापू, ती डोळ्यांनीच सांगत होती, तुझा मान राखला. पण त्याला भाऊ म्हण, एवढं मात्र मला सांगू नको.

"वाजवा रे," नायक म्हणाला.

डफ वाजला. पोरी टोपल्या घेऊन ओढ्याकडं निघाल्या. तीज सोडताना पोरींनी रडायचं, अशी रीतच आहे. पुढच्या साली कोण इथं असेल, कोण सासरी, म्हणून गळ्यात गळा घालून रडायचं. त्या दिवशी शिला सगळ्यांत मोठ्यानं रडली, आणि कुणीही तिला का म्हणून विचारलं नाही.