ओदीलबाईची काठोकाठ पिंपं

बाझील दलाल खोटं बोलत नाही, असं मी म्हणत नाही. दलालच तो! पण हे सांगताना त्याच्या हातातला प्याला हिंदकळत होता, आणि बाझील वाइन सांडणाऱ्यातला नाही. तेव्हा पोरांनो, शेगडीजवळ सरका. द्राक्षांच्या कोंबांवर दव गोठायला अजून अवकाश आहे, तोवर राखणीला जागायचंच आहे.

सोळा एप्रिल, बुधवार. बाझील शाब्ली गावात ओदीलबाईकडे नमुना चाखायला आला होता. तिचा नवरा लेओन जानेवारीत तळघरातच गेला, काम करता करता. तेव्हापासून बाई खाली उतरली नव्हती. माल विकला गेला तर मळा लेकीला राहणार, नाहीतर दीर तिबो टपलेलाच होता.

बाई वरच्या पायरीवर थांबली. बाझीलनं खाली जाऊन पिंपाचं बूच काढलं, आणि तिथंच थबकला.

"बाई, वरून वाइन कोण भरतं?"

"कोणीच नाही. लेओन गेल्यापासून कोणीच नाही."

आता हे तुम्हाला काय सांगायचं? लाकूड वाइन पितंच. वरचेवर भर घातली नाही तर पिंपात हवा शिरते, माल आंबतो. आणि इथं सगळी पिंपं काठोकाठ!

"कोणीतरी भरतंय," बाझील म्हणाला. "कशानं भरतंय ते कळेपर्यंत मी थेंबही उचलणार नाही. बाहेरची भेसळ असली तर गावाच्या नावावर विकता येणार नाही."

"तिबो! त्या मेल्याचंच काम," बाई कडाडली. "दुसरी किल्ली त्याच्याकडेच आहे."

तिबोला बोलावलं, तर तो उखडलाच. "वहिनी, मळा हवाय मला, कबूल. पण वाइन नासवायला मी काय परगावचा आहे?" त्यानं किल्ली टेबलावर आपटली. "बसा रात्रभर, बाझीलशेठ! गारठलात तर माझ्या नावानं बोंब मारू नका."

बाझीलचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिसरी किल्ली असणारच याची. दोन्ही किल्ल्या खिशात घालून तो तळघरात शिरला. आतून अडसर लावला; कुलपात किल्ली फिरली की चोराला दारातच धरायचा, हा बेत. चोराला उजेड दिसू नये म्हणून बॅटरी विझवली.

मध्यरात्र उलटली.

टक्.

बूच सैल करताना लाकडी हातोडीचा होतो ना, तसाच आवाज. मग ओतल्याचा. सावकाश... एक थेंबही न सांडता. मग पुढचं पिंप.

टक्.

आला बेटा, बाझील मनात म्हणाला. पण आला कुठून? अडसर तर...

आवाज जवळ आला. बाझीलनं झडप घातली. मनगट हातात सापडलं. ओलं. गार.

ते मनगट सुटायला धडपडलं नाही. दुसऱ्या हातानं बाझीलची बोटं एकेक करून सोडवली... हळूच... कामात मध्ये येणाऱ्या लेकराची सोडवावीत तशी.

आणि ओतणं पुन्हा सुरू झालं.

बाझीलनं बॅटरी लावली.

...

कोणी नव्हतं. अडसर जागच्या जागी. बुचं तेवढी ओली.

हसतोस काय रे पोरा? मला सांगताना बाझीलही हसायचा प्रयत्न करत होता. जमलं नाही त्याला.

सकाळी त्यानं पिंपामागून पिंप चाखलं. भेसळ? छे! वाइन याच मातीची, जरा जास्तच मुरलेली, जुन्या सालची चव मिसळल्यासारखी. त्यानं सगळा माल उचलला. तिबोची माफी मागितली, ती तिबोनं दिली नाही. मळा लेकीचा झाला.

जूनमध्ये त्याच लेकीचं, आदेलचं लग्न निघालं. ती जन्मली त्या साली लेओननं तिच्या लग्नासाठी बाटल्या भरून तळघराच्या कोनाड्यात विटांआड चिणल्या होत्या. त्या काढायला बाई पहिल्यांदाच खाली उतरली. तिबोनं विटा फोडल्या.

वर्षानुवर्षांची धूळ. बुचांवरचं मेण शाबूत, एकाही बाटलीला तडा नाही.

आणि आत... काही नाही. सगळ्या रिकाम्या.