पावपेटीमागची वाळू

या, शेकोटीच्या जवळ सरका. कोको अजून गरम आहे. जोरी, तुझा मग घे की गं. उजवा हात वर होत नाही का? बरं, डाव्या हाताने घे. कोकोला काय त्याचं!

तुमच्या गाडीवर बांधलेल्या, चढताना खाली टाकायच्या गाद्या मी कालच पाहिल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आमची मंडळी म्हणतात, ‘ऑर्वल, तुझ्या नाकाने त्या खिडकीची काच झिजली.’ झिजेना का! गावात घरं मूठभर, मग माणसाने पाहायचं तरी काय? तर, उद्या सकाळी त्या पावपेटी दगडावर चढणार म्हणता. काल दुपारी पाऊस झाला, तरीही. आणि हा हक्स मला सांगतो, “मिस्टर ऑर्वल, दगड सुकलाय. मी हात लावून पाहिलंय.”

बाळा, हा वाळूचा दगड आहे. वरून सुकतो, पण आतून ओलाच राहतो. ज्या कंगोऱ्यावर शंभर पोरं लटकली, तो एखाद्या दिवशी बिस्किटासारखा तुटतो. म्हणून पावसानंतर तीन दिवस आम्ही तिकडे फिरकत नाही. पण मी रागावायला बसलो नाहीये. एक गोष्ट सांगतो. घडलेली आहे. माझ्या शेजाऱ्याच्या, थेनच्या बाबतीत घडलेली.

चार वर्षं झाली. नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशीची, बुधवारची संध्याकाळ. थेनच्या घरी भोपळ्याच्या गोड पाई भाजून झाल्या होत्या आणि वरची क्रीम आणायची राहिली होती. थेन गाडीची किल्ली फिरवत बाहेर आला. मी कुंपणापाशीच होतो.

“तुमची ब्रिन गादी घेऊन पावपेटीकडे गेलीय,” मी म्हणालो. “चार वाजता गेली. अजून आलेली नाही.”

“तुम्ही तिची हजेरी घेता का हो?”

“कुणीतरी घ्यायला हवी ना!”

तो हसला. “उद्या तिची मावसभावंडं येणारेत सॉल्ट लेकहून. त्यांच्यापुढे मास्तरीण व्हायचंय बाईसाहेबांना. क्रीम घेतो आणि येता येता तिलाही उचलतो.”

ब्रिन तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता.

पावपेटी तुम्ही पाहिलीच आहे. या वाळवंटात सगळे पहिल्यांदा तिच्यावरच चढतात. पुढून दोन पुरुष उंच, शिडीसारखे कंगोरे, खाली सपाट वाळू, तिथे गादी टाकली की झालं. उतरायचं ते त्याच कंगोऱ्यांवरून. पण मागे कोणी पाहतं का? मागे ती घळ आहे. तिकडून तोच दगड चार पुरुष उंच. खाली धोंडेच धोंडे आणि मध्ये जेमतेम दोन पावलं मावतील एवढी वाळू. आणि दगडाचा माथा घळीच्या बाजूला उतरता.

थेन पोहोचला तेव्हा अंधार पडला होता. बारीक बर्फगार पाऊस परत सुरू झालेला. विजेरीच्या उजेडात त्याला गादी दिसली. गादीवर ब्रिनची पाण्याची बाटली. आणि बाटलीशेजारी एक कंगोरा... पडलेला. पोळीएवढा मोठा, आणि तुटलेली बाजू ओली काळी.

“ब्रिन!”

“डॅड...” आवाज वरून आला. नव्हे, वरून नाही. पलीकडून. “डॅड, मी घसरले. मागे. कडेला धरलंय मी.”

“कधीपासून?”

“मला माहीत नाही. हात बधिर झालेत माझे.”

थेनने बूट घालूनच चढायचा प्रयत्न केला. जिथे हात टाकायचा तो कंगोराच खाली पडला होता. दोनदा चढला, दोनदा पडला. फोन पाहिला. तिथे फोन लागत नाही, आजही लागत नाही. मग त्याने गादी उचलली, पट्टे खांद्यांत घातले आणि वळसा घालून घळीकडे धावला.

आता एक सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्याच्याही सहा वर्षं आधी इथे डेन्टन नावाचा मुलगा होता. आपल्या धाकट्या बहिणीला, केल्बीला, त्याने याच दगडावर शिकवलं. तुमच्यात रीत आहे ना? चढणाऱ्याने विचारायचं, ‘आहेस?’ खाली झेलायला उभं राहणाऱ्याने म्हणायचं, ‘आहे.’ ते ऐकू आल्याशिवाय हात सोडायचा नाही. त्या दिवशीही केल्बीने विचारलं होतं. डेन्टन ‘आहे’ म्हणाला होता. पण तो होता पुढच्या बाजूला. दगड ओला होता. ती माथ्यावरून घसरली... मागे, धोंड्यांवर. वाचली नाही.

त्यानंतर पाऊस पडला की डेन्टन घळीत जाऊन उभा राहायचा. दगडाकडे तोंड करून. दोन्ही हात वर. आईने समजावलं, बिशपनी समजावलं. ऐकेना. तिसऱ्या हिवाळ्यात तो तिथेच सापडला. थंडीने गेला होता.

हं. तर थेन.

घळीत शिरायची वाट दोन दगडांमधून आहे. माणूस आडवा होऊन जातो. थेन घाईत सरळ घुसला, पाठीवर गादी तशीच. गादी अडकली. पट्टे काखेत रुतले. मागे होता येईना, पुढे होता येईना. हात दगडांत दाबलेले, बकलापर्यंत पोहोचत नव्हते. विजेरी हातातून सुटून पुढे वाळूवर पडली. तिच्या तिरक्या उजेडात त्याला वर ब्रिनचे पाय दिसत होते. नुसते पाय. लोंबकळणारे.

मी त्याला विचारलं होतं, “तू काय केलंस रे तेव्हा?” तो म्हणाला, “ऑर्वल, मी दगडाला चावलो.”

“डॅड! हात सुटतोय!”

“थांब! आलो! थांब, ब्रिन, थांब!”

“नाही राहत आता...”

आणि मग खालून कोणीतरी बोललं.

शांतपणे. घाई नाही, ओरडणं नाही.

“सोड, केल्बी. मी आहे.”

थेनच्या आणि त्या पायांच्या मध्ये कोणी नव्हतं. उजेड होता. वाळू होती. पाऊस पडताना दिसत होता. दगडाच्या बुडाशी एवढीशी जागा होती, जिथे... पाऊस पडत नव्हता. बस. तेवढंच.

“सोड. आहे मी.”

ब्रिनने सोडलं नाही. शिकवलेली पोर. आवाज ओळखीचा नव्हता, नावही तिचं नव्हतं. ती रडत विचारत होती, “कोण आहे? डॅड? डॅड, तूच आहेस ना खाली?”

केल्बीचं नाव थेननेही ऐकलं होतं.

त्याला डेन्टन ठाऊक होता. त्याच्या शवपेटीला थेननेच खांदा दिला होता. खाली जे उभं होतं ते झेलायला उभं होतं, की सोबत न्यायला... कोणाला माहीत?

“डॅड! आहेस?”

एक हात सुटला. त्याने पाहिलं. पाय गर्रकन फिरले. आता एकाच हातावर.

“डॅड... आहेस?”

आणि थेन म्हणाला, “आहे.”

“आहे, बेटा. मीच आहे. सोड.”

तिने सोडलं.

...

आवाज आला नाही. धोंड्यांवर माणूस पडल्याचा आवाज येतो, तो आलाच नाही. पाऊस पडत राहिला. थेनने डोळे मिटून घेतले होते. त्याने मला सांगितलं, “तेवढ्या वेळात मी म्हातारा झालो.”

मग ब्रिनचा आवाज आला. खालून. “डॅड, किती घट्ट धरलंस रे...”

त्याने काय जोर केला देव जाणे. पट्टा तुटला, खांद्याची सालं निघाली आणि तो पलीकडे पडला. ब्रिन दगडाला टेकून बसली होती. हात सोलवटलेले. बाकी ओरखडा नाही. त्याने तिला छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून वाळूकडे पाहिलं. बोटं दगडाकडे असलेले पावलांचे दोन ठसे होते. टाचा घोट्यापर्यंत रुतलेल्या, वजन झेलल्यावर रुततात तशा. येणारं पाऊल नाही. जाणारं नाही.

घरी आईने तिचे कपडे बदलले. दोन्ही काखांखाली, बरगड्यांवर, पाच-पाच बोटांचे काळेनिळे वळ.

ब्रिनला वाटतं, बापाने झेललं. आजही तसंच वाटतं. ती आता नर्सिंग शिकतेय. कधी भेटली तर तिच्यापुढे तोंड उघडू नका. दर थँक्सगिव्हिंगला ती टेबलावर सगळ्यांपुढे ती हकीकत सांगते, आणि थेन खाली ताटात बघत बसतो. त्याने तिला हात सोडायला एकदाच सांगितलं, पण झोपेत अजून सांगतो. मला खिडकीतून ऐकू येतं.

डेन्टनचं म्हणाल, तर तो गेला असेल असं मला वाटलं होतं. एकीला झेललं, मोकळा झाला असेल. पण नाही. पाऊस पडला की ठसे असतात. मी जाऊन पाहतो, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. नुसते टेकलेले असतात, उथळ. कोणी वाट पाहत उभं असावं, तसे.

आज पहाटेही गेलो होतो.

टाचा रुतलेल्या होत्या. घोट्यापर्यंत.

काल संध्याकाळी तिकडे कोण गेलं होतं रे तुमच्यातलं? हक्स? ... नाही? कोणीच नाही?

बरं.

जोरी, पोरी... तो कोको सांडतोय. तो मग खाली ठेव. आणि काखेतला हात काढ जरा. बघू दे मला.