काकांचं काळं बोट

“थांबा ना काका! माल परत करण्याआधी एकदा बघू तरी!” ठिणगीने बरणी दोन्ही हातांनी कवटाळली.

सुट्टीला आलेल्या मुलांना आज आरसा घडताना बघायचा होता. काकांनी चांदीच्या क्षाराचे खडे कॅनमधून ओतलेल्या पाण्यात टाकले मात्र, पाणी ताकासारखं पांढरं! असल्या पाण्याने काचेवर चांदी चढते कुठली?

“भेसळ!” काका बोट नाचवत कडाडले. “खडे विकणारा माझा लहानपणचा दोस्त, आणि असा गळा कापतो! येतोच आहे तो. माल त्याच्या हातात, अन् मैत्री संपली!”

ठिणगीने बरणी आणखी घट्ट धरली. हसवून हसवून पुरेवाट करणारे रसायनवाले मामा पुन्हा या दारात दिसणारच नाहीत?

“गुन्हेगार दोघांतलाच,” काकांचा मुलगा शहाण्या म्हणाला. “खडे, नाहीतर पाणी.”

“किंवा काका!” ठिणगीचा धाकटा भाऊ बटाटा म्हणाला.

“गप रे!” काका ओरडले.

ठिणगीने हातमोजे चढवले, शुद्ध पाण्याची नवी बाटली उघडली आणि पेलाभर पाण्यात एक खडा सोडला. खडा विरघळला, पाणी नितळच! मग तिने त्यात काकांच्या कॅनमधलं थोडं पाणी ओतलं. पांढरे धागे उमटले आणि दह्याच्या कवड्यांसारखे तळाशी बसू लागले.

“खडे निर्दोष! खोट पाण्यात आहे!”

“शक्यच नाही! कॅन कालच मी स्वतः लख्ख घासलाय.”

“कशाने, बाबा?” शहाण्याने विचारलं.

काकांचा आवाज एकदम उतरला. “ते… न्हाणीघराचं ऍसिड…”

“आणि विसळला किती?” ठिणगीने विचारलं.

“एकदाच. घाईत होतो.”

“मग बरोबर!” शहाण्या म्हणाला. “त्या ऍसिडातलं क्लोराइड भेटलं की चांदी त्याला अशी मिठी मारते, की दोघं थेट तळाशी!”

“म्हणजे काकाच!” बटाट्याने टाळी वाजवली.

मन काय नि पाणी काय, वरून नितळच दिसतं. आत काय उरलंय, ते खडा पडल्यावर कळतं.

मामा दारात आले तेव्हा काकांनी काही लपवलं नाही. “तुझ्यावर आळ घेतला रे. या पोरांनी वाचवलं, नाहीतर आज सोन्यासारखा माणूस गमावला असता!”

मामांनी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग नव्या पाण्यात खडे विरघळले, काचेवर चांदी चढली, आणि दुपारी झळझळीत आरशात पाच चेहरे दाटीवाटीने हसले.

“शाबास, पोरांनो!” काकांनी आरशाकडे बोट केलं, आणि दचकले. हातमोजे न घालता खडे चाचपलेलं ते बोट काळंकुट्ट पडलं होतं!

“माझ्याकडे रोखलेलं ते हेच ना?” मामांनी विचारलं. “घासून नाही जायचं हं.”

“राहू दे,” काका हसले. “घासायची घाई आता करत नाही मी!”