हाताला हलकी

झाडावर चढण्यात अख्ख्या भागात आपला हात धरणारा कुणी नाही, असं खारू छाती फुगवून सांगायचा. आणि समोरच्याने मान डोलवायच्या आत स्वतःच जोडायचा, की अख्ख्या भागात झाडावर चढणारा दुसरा कुणी नाहीच, मग पहिला नंबर सोडायचा तरी कुणासाठी. खारू हे नाव खारीवरून पडलेलं. एखाद्या खारीने त्याचं पोट पाहिलं असतं तर अब्रुनुकसानीचा दावाच लावला असता. पण गडी फांदीवर गेला की ते पोट कुठे गडप व्हायचं देव जाणे.

हल्ली मात्र उजवा खांदा कुरकुरायला लागला होता. फांद्या कापायची जुनी चेनसॉ ताकदीची होती, पण वजनाने म्हैस. ती वर नेऊन हात लांब करून धरायची म्हणजे बोटं बधिर व्हायची. मागच्या झाडावर ती चालू असतानाच हातातून निसटली आणि कमरेच्या दोरीला लटकून गुडघ्याजवळ गरगरत राहिली. खारूने हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती. ती खाली दोर धरून उभी होती, तिने पाहिलंच.

मेहुण्यालाही वास लागला होता. बायकोचा हा धाकटा भाऊ. त्याने माणसाला फांदीपर्यंत उचलणारा पाळणा लावलेली गाडी घेतली होती आणि तेव्हापासून तो फार गोड बोलत होता. दाजींनी आता जमिनीवर राहावं, पडलेल्या फांद्या गोळा कराव्यात, झाडू मारावा, आपण काय परके आहोत का, असं त्याचं म्हणणं. अशात गोदामाच्या मालकाने मागच्या आवारातलं झाड छाटायला सांगितलं. फांद्या थेट पत्र्याच्या छपरावर आलेल्या. पत्र्याला ओरखडा न येता फांद्या उतरल्या तर त्याच्या सगळ्या गोदामांचं काम कायमचं खारूचं. नाहीतर मेहुणा होताच, भिंत पाडून गाडी आत घालायला तयार.

म्हणून खारू नवी मशीन घ्यायला दुकानात गेला. बायको सोबत गेली, कारण हा माणूस एकटा गेला तर लाल रंगाचं दिसेल ते उचलून आणणार, हे तिला ठाऊक होतं.

दुकानदाराने एकेक मशीन काढली. हलकी होती ती मागच्या अंगणातल्या ओंडक्यात अर्ध्यावर जाऊन रडायला लागली. ताकदीची होती तिने ओंडका कापला, पण खांद्यालाही सोडलं नाही. बॅटरीवाली बरी होती; मात्र ती दुपारी काम टाकून चार्जिंगला बसणार, म्हणजे मेहुण्याच्याच जातीची. एका मशीनवर वजन फारच कमी लिहिलेलं दिसलं, तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की हे पट्टी, चेन आणि पेट्रोल सोडून. मग माझंही वजन पोट सोडून सांगत जा, असं खारू म्हणाला. त्यावर बायको म्हणाली, की मग सांगायला काही उरणारच नाही.

तेवढ्यात खारूची नजर खालच्या फळीवर गेली. पोत्याच्या तुकड्याखाली एक राखाडी मशीन होती. पट्टी लांब, इंजिन दणकट. वजनाच्या अंदाजाने त्याने कंबर कसून ती उचलली आणि मागच्या मागे पडता पडता वाचला. रिकामी बादली उचलावी तशी ती वर आली.

"ती वापरलेली आहे काका," दुकानदार जागेवरूनच म्हणाला.

"चालते का?"

"चालते... सगळ्यांकडे चालली."

ओंडक्यातून ती अशी गेली, की खांद्याला पत्ताही लागला नाही. काप आरशासारखा गुळगुळीत. खारूने हौसेने ती दुकानातल्या काट्याला लटकवली. काटा झपकन खाली गेला आणि सगळ्यात जड मशीनच्याही पुढे जाऊन थांबला. काटा बिघडलाय, असं खारूने जाहीर केलं. दुकानदाराने अजून मशीनला हात लावला नव्हता. लोक ही परत का करतात, असं बायकोने विचारलं तेव्हा तो फळीवरची धूळ पुसायला लागला.

"कापायला हलकी आहे, सगळेच म्हणाले. ठेवायला जड आहे, असं एकजण म्हणाला. पुढचं मी विचारलं नाही काकू. मला दुकान बंद करून एकट्याने घरी जायचं असतं."

मशीन घरी आली आणि खारूचं बूड काही टेकेना. जेवता जेवता उठायचा, कोपऱ्यातली मशीन उचलून बघायचा, ठेवायचा, दोन घास खाऊन पुन्हा उठायचा. बायकोने विचारलं, की तान्हं मूल आहे का ते, सारखं कडेवर घ्यायला. चेन त्याने पुसून लख्ख केली होती, तरी स्वयंपाकघरभर ओल्या, नुकत्याच कापलेल्या लाकडाचा वास भरून राहिला होता. खिडकी उघडली तर वास वाढला. बंद केली, तरी वाढलाच.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं. वारा नेमका कुठून येतोय ते त्यालाच ठाऊक नसावं. पानं इकडून तिकडे नुसती तगमगत होती. गोदामाचं आवार रिकामं. पत्रा मधूनच कुरकुरायचा.

दोघांची पद्धत ठरलेली. दोर वरच्या बेचक्यातून घ्यायचा, एक टोक खारूच्या पट्ट्याला, दुसरं लोखंडी खांबाला वेढा देऊन बायकोच्या हातात. नवऱ्याचं वजन तिच्या तळव्यांना पाठ होतं. सकाळी चपाती जास्त झाली तरी तिला खालून कळायचं. खारू शिडीने पहिल्या बेचक्यापर्यंत गेला आणि तिथून वर सरकला.

पहिली फांदी त्याने आधी खालून थोडी कापली, म्हणजे साल फाटत नाही, मग वरून. फांदी पत्र्याला टाळून अलगद खाली गेली. दुसरीही. खांदा गप्प. खारूला चेव चढला. भावाला फोन लाव आणि झाडू घेऊन ये म्हणावं, असं त्याने वरून ओरडून सांगितलं. बायको हसली नाही.

"अहो, दोर जड लागतोय."

"दमट हवा आहे. ओला झाला असेल."

"कोरडा आहे."

खारूने पुढच्या फांदीकडे पाहिलं. कुठे कापावं याचा तो विचार करत होता, तोवर मशीन तिथे पोचलीसुद्धा होती. जागाही अचूक. त्याच्यापेक्षा अचूक. आपला हातच सुधारला, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. नाक खाजलं म्हणून डावा हात काढला. मशीन हलली नाही. मग त्याने उजव्या हाताची बोटं एकेक करून सैल केली.

मशीन हवेत तशीच राहिली, आडवी, फांदीवर टेकलेली, आपलं काम करत.

त्याने झटकन इंजिन बंद केलं. आवार एकदम मुकं झालं आणि त्या शांततेत त्याला धाप ऐकू आली. कष्टाचं काम करून थांबलेल्या माणसाची धाप. आपलीच असणार. खारूने श्वास रोखला. धाप थोडा वेळ चालू राहिली. मग आपण ऐकू येतोय हे लक्षात यावं, तशी तीही दबली.

त्याने मशीन कमरेच्या हुकाला अडकवायला खाली ओढली. ती येईना. हलकी फुलासारखी मशीन, आता दोन्ही हातांनी ओढूनही बोटभर सरकेना. मागची मूठ गरम होती, नुकताच कुणी हात काढल्यासारखी... की अजून काढला नसल्यासारखी.

"सोड..." खारू पुटपुटला.

"काय म्हणालात?" खालून आवाज आला. "दोर सोडू?"

"नको... दोर नको. दोर घट्ट धर."

"मग सोड कुणाला म्हणालात?"

मशीन जिथे होती तिथेच ठेवून खारू बेचक्यापर्यंत घसरला, शिडीवर पाय टेकताच पट्ट्यातून दोर काढला आणि आयुष्यात कधी उतरला नसेल इतक्या घाईने जमिनीवर आला. पत्र्यावरची शेवटची, सगळ्यात जाड फांदी तशीच राहिली होती. तिकडे न बघता त्याने सांगून टाकलं, की काम मेहुण्याला जाऊ दे. मी फांद्या गोळा करीन, झाडू मारीन, तो म्हणेल तिथे उभा राहीन.

तेवढ्यात शिडीवर भुसा पडायला लागला. बारीक, मऊ. इंजिनचा आवाज नव्हता. मग कडकड झाली आणि ती जाड फांदी पत्र्याच्या अगदी कडेवरून, पण न लागता, आवारात येऊन आडवी झाली.

खारूने पत्रा न्याहाळला. ओरखडा नव्हता. गोदामांचं काम त्याचं झालं होतं. जित्याची खोड ती, गप्प बसवेना. झालं बघ आपलं झाड, मेहुण्याला पेढे नाही पण झाडू तरी पाठवू, असं तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. मशीन राहू दे वर, ज्याची आहे त्याला लखलाभ.

बायको खांबाशी टाचा रोवून उभी होती. दोर दोन्ही मुठींत ताणलेला, सरळ वर पानांत गेलेला. खारूने पट्ट्यातून काढलेलं टोक शिडीपाशी नव्हतं.

"अगं, मी आलो ना खाली," खारू हळूच म्हणाला. "सोड आता. घरी जाऊ."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती वर बघत होती.

"तुम्ही आलात हो... पण दोर सोडला तर वर आहे तो पडेल ना."