बंद दाराआडचा आवाज

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझे सख्खे मामा. आणि जिने ती हाक ऐकली, ती माझी मामी.

साल १९७९. ठिकाण नाशिकजवळचं सातपूर.

भुतं रात्री येतात म्हणे...

इथे डोक्यावर वैशाखातलं ऊन होतं.

वाल्मीकमामा कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी करून आले की जेवायचे आणि अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत बसायचे. ऑर्केस्ट्रावाल्यांचे गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. त्या काळची, काचेच्या व्हॉल्व्हवाली, एकट्याला न उचलवणारी धुडं.

एक दिवस मालेगावहून कोंडाजी आला. त्याची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. रिक्षावाल्याच्या मदतीने त्याने एक काळा अ‍ॅम्प्लिफायर उतरवला.

"लय घुमतो, वाल्मीकभाऊ. गिटारपेक्षा याचाच आवाज जास्त."

"वाजवतो कोण यावर?"

कोंडाजीने घाम पुसला.

"सध्या कोणी नाय," म्हणाला, आणि चहालाही न थांबता गेला.

मामांनी त्या दुपारी गावातून सामान आणलं आणि दुसऱ्या दिवशी मागचा पत्रा खोलला. जुने कॅपॅसिटर बदलले, सुटलेले टाके पुन्हा सोल्डर केले. घुमणं थांबलं.

पण संध्याकाळी शेजारच्या भागुबाई कुंपणाशी आल्या.

"वाल्मीक, गिटार कधी शिकलास रे? दुपारभर वाजवत होतास."

मामांकडे गिटार नव्हतीच...

"मला वाटलं रेडिओ लावलाय," मामी म्हणाली. "एकच चाल. मध्येच थांबते... की परत पहिल्यापासून."

मामा दुपारभर त्याच खोलीत होते. त्यांना एकही सूर ऐकू आला नव्हता.

ऐकू आलं होतं ते फक्त बाहेरच्यांना.

मामा हट्टी माणूस. त्याच्या पुढच्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरची पिन स्वतः उपसली. वायर गुंडाळून वर ठेवली. दार ओढून घेतलं आणि मामीशेजारी ओट्यावर येऊन बसले. मामी सुपात गहू निवडत होती.

बराच वेळ काही नाही.

लिंबावरचे कावळे गप्प झाले.

मग... आत कुणीतरी एक तार छेडली.

चाल सुरू झाली. हळू, चाचपडत. ठरल्या जागी थांबली.

आणि बंद दाराआडून आवाज आला.

"अगं, इकडे ये जरा. एवढं धर."

तो मामांचाच आवाज होता.

मामा तर ओट्यावर होते... तोंड मिटून.

मामी सवयीने उठलीसुद्धा. चार पावलं गेली असेल. मामांनी झेप घेऊन तिचं मनगट धरलं. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. सूप हातातून गळून पडलं.

"अगं, येतेस ना?"

या वेळी आवाजात घाई होती.

मामांनी दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं.

पिन मात्र सॉकेटमध्ये होती. बटण चालू. व्हॉल्व्ह लाल पेटलेले. मामांनी खिशातला टेस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला टेकवला.

टेस्टरचा दिवा लागला.

सगळ्या पत्र्यात करंट उतरला होता. मामीने आत येऊन तो पत्रा धरला असता, तर...

मामांनी मेन स्विच पाडला आणि कोंडाजीला निरोप धाडला. तो आला, पण अंगणात पाय टाकेना.

"खरं सांग कोंडाजी, कोणाचा आहे हा?"

"लहानूचा. आमचा गिटारवाला. याचाच शॉक लागून गेला."

"कसा?"

"विहिरीवर पाणी शेंदत व्हता. एकदम म्हणाला, 'आलो गं,' अन् घरात पळाला. बायको म्हणती, मी तर त्याच्या मागंच उभी व्हते. मग हाक मारली कोणी?"



"आणि लहानूच्या आधी कोणाचा होता?" मामांनी विचारलं.

"जुनाच घेतलेला त्यानं. कोणाकडून ते नाय ठाऊक."

"फोडून टाक. विकू नकोस कोणाला."

कोंडाजीने मान हलवली. दोघांनी मिळून ते धूड रिक्षात चढवलं. त्याने ते फोडलं की विकलं, कधीच कळलं नाही.

घरात तो विषय बंद झाला. वर्ष उलटलं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मामी थांबली.

"अहो, एक सांगायचं राहिलंय. ते मशीन आलं ना, त्याच दुपारी तुम्ही खोलीतून चहा मागितलात. मी नेला. दार किलकिलं झालं, हात बाहेर आला, कप घेतला."

"मग?"

"मग थोड्या वेळाने तुम्ही रस्त्याकडून आलात. म्हणालात, गावातून सामान घेऊन आलो. मी तशीच खोलीकडे गेले. रिकामा कप पायरीवर होता... आणि दाराला बाहेरून तुमचं कुलूप."

तव्यावरची भाकरी करपली, तरी कोणी उलटली नाही.

"हात कोणाचा होता?"

"तुमचाच," मामी म्हणाली.

पुढे मामांनी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कारण हे सगळं मला सांगताना मामा आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.