ठकीचं हसू

युनिट म्हणजे काय, हे शंभरातल्या नव्वद लोकांना कळत नाही. म्हणून घरातली वीज किती जळते ते दाखवणाऱ्या स्क्रीनवर मी आकड्याच्या वर एक तोंड काढलं. जास्त जाळलीत की तोंड पडतं, कमी जाळलीत की हसतं. ऑफिसात सगळ्यांनी माझी भरपूर खेचली. म्हटलं, हसा लेको, कळेल नंतर.

पहिली स्क्रीन बाबांच्या घरी लावली. "दिवे बंद करा, वीज काय तुमच्या बापाची आहे?" असं जन्मभर आमच्यावर ओरडलेला माणूस. आणि बाप तर तेच! याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार होतं?

आई गेल्यापासून बाबा फोनवर 'हं' आणि 'बरंय' एवढंच बोलायचे. आता रोज दुपारी चारला त्यांचा स्वतःहून फोन. "आज ठकी हसली गं!" त्या तोंडाचं नावसुद्धा ठेवलं होतं त्यांनी. मी इतकी निर्धास्त झाले, की भेटायला जायचं लांबवतच गेले. जेमतेम तासाभराचा रस्ता.

आधी पंखा बंद झाला. मग फ्रिज, मग गिझर.

"बाबा, एवढ्या थंडीत गार पाण्यानं आंघोळ? वेड लागलंय का तुम्हाला?"

"गिझर लावला की तिचं तोंड पडतं गं."

ऑफिसातून मला दिसणारा त्यांचा आकडा शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी आकड्याआधी उणे चिन्ह लागलं. वायरी उलट जोडल्या असणार, म्हणून मी आमच्या वायरमनला पाठवलं.

"ताई, जोडणी चोख आहे," तो फोनवर म्हणाला. "वीज घरातनं बाहेर चाललीय. गच्चीवर सोलर बसवलंय का?"

"छे."

"आणि ताई, बाबांना डॉक्टरांना दाखवा. चहाचा कप घेताना बोटं लागली. फार गार आहेत हो."

मी तडक निघाले. भर दुपारी खिडक्या लावलेल्या. बाबा भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते, तळहात स्क्रीनवर. आकडा उणे तीन. तोंड हसत होतं.

मी मेन स्विच खाली ओढला.

स्क्रीन विझली नाही.

मी त्यांचा हात ओढून काढला.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "किती दिवसांनी कुणीतरी माझ्यावर खूश आहे."

तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलात, चार वाजता बाबा गेले. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं, ते मी वाचलं नाही. मी गेले असते वेळेवर, तर त्यांना ठकी कशाला लागली असती?

स्क्रीन भिंतीवरून उपटली, वायरी कापल्या, आणि ऑफिसातल्या माझ्या खणात टाकली. फेकवेना.

रोज चारला ती उजळते. तोंड पडलेलं असतं. ते बघवत नाही, म्हणून मी तळहात टेकवते. काच कोमट लागते, लहानपणी बाबांचा हात लागायचा तशी. मग तोंड हसतं.

काल वायरमनला चहाचा कप देताना आमची बोटं लागली. त्यानं हात झटकन मागे घेतला, कप फुटला.

तो खाली बसून तुकडे गोळा करत राहिला, माझ्याकडे न बघता.