मोंगीचे दात

मासळीबाजाराच्या तोंडाशी माझ्या हातून कुत्र्याच्या पिल्लाची दोरी सुटली, आणि मोंगीने एका अनोळखी माणसाची विजार दातांत धरली. भुरभुर बर्फ पडत होता. मी पिल्लाला ओढायला वाकले, तेवढ्यात तो माणूस शांतपणे म्हणाला, "ओढू नका. त्याला वाटेल खेळ सुरू झाला."

आणि तो दुसरीकडे बघत नुसता उभा राहिला. मोंगीने थोडं गुरगुरून पाहिलं, मग कंटाळून सोडलं.

"विजार फाटली तुमची," मी म्हणाले.

"फाटू दे. तुमचे हात बघा आधी."

मी हात पटकन खिशात घातले. मनगटापर्यंत ओरखडेच ओरखडे... पहिल्याच भेटीत कुणी असे हात बघावेत?

जेहा त्याचं नाव. शाळामास्तर होता. मार्चमध्ये हुक्सान बेटावरच्या शाळेत रुजू व्हायचं होतं, तोवर इथे मोकपो बंदरात मोकळाच होता. लहानपण आजोबांकडे जिंदो बेटावर, कुत्र्यांच्या घोळक्यात गेलेलं. कसं कोण जाणे, मी त्याला तिथेच सगळं सांगून टाकलं. बाबांना अर्धांगवायू झाला, उजवा हात लुळा पडला, बोलणं जवळजवळ गेलं. विरंगुळा म्हणून आत्याने हे पिल्लू आणलं, आणि आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा हसले. पण मोंगी चावतो. बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, जरा दात लागला तरी रक्त थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, सवय मोडा, नाहीतर कुत्रं हलवा.

"आईपासून फार लवकर तोडलंय त्याला," जेहा म्हणाला. "भावंडांत राहिला असता तर कळलं असतं, किती जोरात चावलं की दुसरा रडतो. आता ते आपण शिकवायचं."

"आपण?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... तुम्ही. मी आपला विजारीची भरपाई वसूल करायच्या निमित्ताने बघायला येईन."

तो रोज यायला लागला. दात लागला की 'आई गं' म्हणायचं, पाठ फिरवायची, खोलीबाहेर जायचं. पिल्लू शांत झालं की चिंध्यांचा दोर चावायला द्यायचा.

"तुमचं 'आई गं' फारच गोड आहे," जेहा गंभीरपणे म्हणाला. "त्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं."

"मग तुम्ही चावून घ्या."

"घेतो की. मलम कोण लावणार?"

मलम मी लावलं. त्याच्या अंगठ्याला. गरजेपेक्षा बराच वेळ. "सोरिम," तो हळूच म्हणाला, "आता 'तुम्ही' राहू दे ना..."

"बरं. तूही मग हात काढून घे, मलम वाळलंय."

त्याने काढला नाही. मीही सोडला नाही.

मोंगी शिकला. माझ्याशी, जेहाशी. बाबांशी मात्र शिकेना. तो त्यांचा उजवा हात चावायचा, आणि त्या हाताला काही कळतच नव्हतं. बाबा ओरडत नसत, पाठ फिरवत नसत. मी खोलीत नसले की मुद्दाम तोच हात डाव्या हाताने उचलून पुढे करत. त्या मेलेल्या हाताशी कुणीतरी खेळतंय, एवढंच त्यांना हवं होतं.

एका सकाळी बाजारातून आले तर गोधडी रक्ताने भिजलेली. बाबांनी हात पोटाखाली लपवला होता. माझ्याकडे चोरासारखे बघत होते.

हात सुजला, इस्पितळात न्यावं लागलं. आत्या तिथेच माझ्यावर बरसली. "माझ्या भावाचा जीव गेल्यावर डोळे उघडणार का तुझे? ते जनावर पुन्हा घरात दिसता कामा नये."

जेहा म्हणाला, "मी नेतो त्याला बेटावर."

बाबा घरी आले त्याच आठवड्यात त्याची बोट होती. धक्क्यावर बोचरा वारा होता. मोंगी त्याच्या कोटात, फक्त नाक बाहेर.

"तूही चल," जेहा म्हणाला.

"आणि बाबा?"

त्याने कोटाचं बटण मोंगीभोवती घट्ट लावलं. "समुद्र शांत असेल तेव्हा रविवारी येत जाईन," तो म्हणाला.

"नको येऊस. तू दारात दिसलास की बाबांना वाटेल मोंगी आला. आणि मला वाटेल... तू राहणार."

"तुझं प्रेम नाही माझ्यावर?"

"आहे," मी म्हणाले. "म्हणूनच."

बोट सुटली. मी हात हलवला नाही, खिशात मुठी आवळून उभी राहिले.

घरी येऊन जेवण वाढलं. बाबा दाराकडे बघत होते.

"गे... लं?" किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून कळेल असा शब्द आला.

"गेलं."

"तो... ही?"

"तोही, बाबा."

डाव्या हाताने चमचा उचलून त्यांनी आपल्या ताटलीतला माशाचा तुकडा कसाबसा माझ्या भातावर ठेवला. थोडा सांडला. मी मान खाली घालून तो खात राहिले. ते माझ्याकडे बघत होते, म्हणून मी प्रत्येक घास गिळत होते.